गाडीसाठी पाने घेताना: पेटी नको, आधी नट मोजा

दुकानात टांगलेले दहा मिलिमीटरचे सगळे पाने सारखेच दिसतात. फरक कळतो तो पांढरी पूड चढलेल्या बॅटरी टर्मिनलवर. चांगला पाना नट सोडवतो. फालतू पाना नटाचे कोपरे खातो, आणि मग तोच नट काढायला गॅरेजवाल्याला छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो. म्हणून माझा हिशोब साधा आहे: जे हत्यार थेट नटाला भिडतं, त्यावर पैसे टाकायचे. बाकी ठिकाणी, जीवाचा प्रश्न नसेल तर, बिनधास्त काटकसर करायची.

१. आधी गाडी, मग दुकान

रविवारी सकाळी बॉनेट उघडा, वही घ्या आणि घरी काय काय करणार आहात ते लिहा. बॅटरीचे टर्मिनल साफ करणं, एअर फिल्टर, वायपर, बल्ब, स्टेपनी बदलणं, फार तर स्पार्क प्लग आणि ऑइल. गिअरबॉक्स उतरवायचा नसेल, तर गिअरबॉक्सची हत्यारंही नकोत.

आता मापं लिहा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा कारभार ८, १०, १२, १४, १७ आणि १९ मिलिमीटरवर चालतो. बॅटरीला बहुधा १०. चाकाचा नट मारुतीला साधारण १९, ह्युंदाईला २१. तरी आपल्या गाडीच्या नटावर पाना लावून खात्री करा. स्पार्क प्लगची गोटी (म्हणजे सॉकेट, हँडलला लावून नटावर बसवायची नळी) वेगळी घ्यावी लागते: जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांना २१ ची, अलीकडच्या बऱ्याच गाड्यांना १६ ची.

आजोबांच्या पेटीतले इंची पाने हाताशी असतील तर जरा जपून. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे तो १९ च्या नटावर चक्क चालतो. पण ९/१६ म्हणजे १४.२९. तो १४ च्या नटावर बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की घसरतो आणि नट गोल करून ठेवतो.

२. नगांच्या आकड्याला भुलू नका

‘१०८ नगी’ पेटी पाहून हात शिवशिवतात. झाकण उघडून मोजा. त्यात बऱ्याचदा काही मापं इंची, उरलेल्यात स्क्रू ड्रायव्हरच्या बिटांची रांग. तुमचा १० चा नट मात्र एकाच गोटीवर अवलंबून.

सगळ्या पेट्या टाकाऊ असतात असं नाही. पाव इंची चौकोनाची (गोटीत हँडल बसतं तो चौकोन) ४६ नगी छोटी पेटी सगळीकडे मिळते. डॅशबोर्डचे बोल्ट, एअर फिल्टरचं झाकण, बॅटरीचा क्लॅम्प अशा हलक्या कामाला ती पुरते. तिच्या हँडलने चाकाचा नट सोडवायला जाल तर हँडल मोडेल, किंवा तुमची बोटं तरी सोलतील.

गोट्यांचा हा चौकोन तीन मापांत येतो: पाव इंच, तीन सूत आणि अर्धा इंच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुने मिस्त्री अजून याच भाषेत बोलतात. घरच्या कामाला मी तीन सुताला पहिली पसंती देतो. इंजिनच्या सांदीत शिरतो आणि जोरही सोसतो. अडचण एवढीच की आपल्या बाजारात अर्धा इंचीचाच सुळसुळाट आहे, तीन सुती शोधावा लागतो. नाही मिळाला तर अर्धा इंची घ्या, अडून राहू नका.

३. खिशात नट घेऊन दुकानात जा

पारख करायची खरी रीत हीच. एक १० चा आणि एक १४ चा नट सोबत न्या. पाना नटावर बसवून हलवून बघा. किंचित ढिला असणारच, नाहीतर तो बसणारच नाही. पण पकड येण्याआधीच पाना बराच फिरत असेल, तर तो बाजूला ठेवा.

मग जबडा उजेडात धरा. दोन्ही आतल्या बाजू समांतर आणि स्वच्छ कापलेल्या हव्यात. कडेला क्रोमचे पापुद्रे सुटत असतील तर नको. ते पापुद्रे ब्लेडसारखे हात कापतात. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे शब्द चांगल्या पोलादाचे, पण ठसा कोणीही मारतो, त्यामुळे तेवढ्यावर जाऊ नका. जड म्हणजे मजबूत हाही गैरसमज. जाड भिंतीची गोटी अडचणीच्या जागी शिरतच नाही.

गोटी सहा कोनीच मागा. ती नटाच्या सपाट बाजूंना धरते. बारा कोनी गोटी कोपऱ्यांवर जोर देते, आणि गंजलेल्या नटाचे कोपरेच आधी जातात. पान्यांमध्ये एका टोकाला रिंग आणि दुसऱ्याला उघडं तोंड असलेले कॉम्बिनेशन पाने घ्या. नट ढिला करायचा रिंगने, मग भराभर फिरवायचा उघड्या तोंडाने. ॲडजस्टेबल पाना नळाला ठीक आहे, गाडीजवळ आणू नका.

देशी माल चांगला आहे. टपारियाचा कारखाना आपल्या नाशिकचा. जालंधर हे हातहत्यारांचं मोठं केंद्र, तिथला माल परदेशातही जातो. घरच्या वापराला महागडा जर्मन सेट घेणं म्हणजे भाजी चिरायला तलवार. फक्त नावाजलेल्या ब्रँडची नक्कल गळ्यात पडू नये म्हणून पक्कं बिल घ्या. मुंबईत नागदेवी, पुण्यात बोहरी आळी अशा ठिकाणी सुटे पाने हातात घेऊन निवडता येतात; ऑनलाइन ती सोय नाही. जुन्या बाजारातही कधी छान पाना लागतो, पण रॅचेट, म्हणजे दात्यांमुळे एकाच दिशेला पकडणारं गोटीचं हँडल, तिथून घेऊ नका, आतले दाते दिसत नाहीत.

४. रॅचेट आणि टॉर्क रेंच

रॅचेटचे दाते विचारा. २४ दात्यांचा रॅचेट दर पकडीला १५ अंश हलवावा लागतो, ७२ दात्यांचा फक्त ५ अंश. एअर फिल्टरच्या मागे हात जेमतेम शिरतो, तिथे हा फरक सोन्याचा. मात्र जाम नट रॅचेटने सोडवायचा नाही आणि त्याला पाइपही लावायचा नाही. जाम नटाला गंज सोडवणारं तेल मारा, पंधरा-वीस मिनिटं चहा घ्या, मग लांब सरळ हँडल वापरा. ३० सेंटिमीटरऐवजी ६० सेंटिमीटरचं हँडल घेतलं की निम्म्या जोरात काम होतं.

चाकांसाठी चार तोंडी क्रॉस पाना स्वस्त आणि उत्तम. त्यावर सहसा १७, १९, २१, २३ ही मापं असतात. गाडीसोबत येणारा आखूड पाना पावसात भर रस्त्यात किती रडवतो, हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको.

टॉर्क रेंच, म्हणजे नेमक्या मोजलेल्या जोराने नट आवळायचा पाना, महाग आहे आणि पहिल्या दिवशी लागत नाही. स्पार्क प्लग स्वतः बदलायला लागलात की घ्या, कारण इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या हेडमधले (वरच्या भागातले) आटे गेले की खर्च हजारांत जातो. किती न्यूटन मीटर जोर लावायचा ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. टॉर्क रेंचने नट सोडवू नका, आणि ठेवताना तो सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

५. इथे काटकसर नाही

गाडीखाली जायचं असेल तर घोडी, म्हणजे जॅक स्टँड, हवीच. गाडीसोबतचा जॅक फक्त चाक बदलायला असतो. विटा आणि दगड चाकाला अटकाव म्हणून ठीक, गाडी पेलायला नाही. घोडीची जोडी घ्या, आणि जमीन सपाट व पक्की असेल तिथेच लावा.

६. इथे करा

हातमोजे, तेलाचं ताट, फनेल, टॉर्च: स्वस्तातले चालतात. ताटाऐवजी कापलेला जुना कॅनही पुरतो. पक्कड आणि नोज प्लायर मध्यम दर्जाचे घ्या. स्क्रू ड्रायव्हर मात्र बरा हवा, विशेषतः फुलीचा २ नंबर. त्याचं टोक झिजलं की स्क्रूचं डोकं गेलंच.

कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत पाने पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवा. आणि बॉनेट लावण्यापूर्वी पाने मोजा. दहाचा सहसा एअर फिल्टरच्या डब्याखाली सापडतो.