कागदी वन-नकाशावरचे कूप क्यूजीआयएसमध्ये कसे उतरवावेत

यंदा कोणता कूप, म्हणजे जंगलाचा तोडीसाठी आखलेला तुकडा, तोडायचा, त्यातले किती हेक्टर खरोखर तोडीयोग्य आहेत आणि माल कोणत्या वाटेने लाकडाच्या डेपोला जाणार, एवढं ठरवायलाही नकाशा लागतो. इंदूरच्या दक्षिणेला चोरल, महू, मानपूर भागातल्या जंगलांचे जुने नकाशे बहुतेकदा कागदावरच मिळतात, मागे कापड लावलेले आणि वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेले. ते संगणकावर घ्यायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे. लागतो तो सुरुवातीचा धीर. रेषा ओढायचं काम सोपं असतं. नकाशा जागेवर बसवण्यातच खरा वेळ घालवा.

आधी स्कॅन. मोबाइलवर फोटो काढून भागवू नका, कडा वाकतात. घरांचे, पुलांचे प्लॅन छापणाऱ्या प्लॉटरच्या दुकानात मोठा स्कॅनर असतो, तिथे ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून टिफ फाइल मागा. एका मैलाला चार इंच, म्हणजे १:१५,८४० प्रमाणाचा स्टॉक मॅप (कुठे कोणती झाडी आहे ते दाखवणारा वन-नकाशा) असेल, तर यात एक पिक्सेल जमिनीवर साधारण १.३ मीटर भरतो. कूपासाठी एवढं पुष्कळ झालं. नकाशा आदल्या रात्री सपाट पसरून वर वजन ठेवा. घडीची सुरकुती नंतर कोणत्याही बटणाने जात नाही.

आता जिओरेफरन्सर, म्हणजे स्कॅन जागेवर बसवणारं साधन, उघडा. नव्या आवृत्त्यांत तो लेयर मेनूत आहे, जुन्यांत रास्टरमध्ये. इथे एक गोष्ट हमखास चुकते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरचे (भूप्रदेश-नकाशावरचे) अक्षांश-रेखांश (इंदूरचा भाग ४६ एन या शीटमध्ये येतो) एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती नमुन्यावर, मोजलेले असतात. त्या मापनाचा मूळबिंदू आपल्याच मध्य प्रदेशात, सिरोंजजवळच्या कल्याणपूरला आहे. ते आकडे जसेच्या तसे आजच्या जीपीएसचे म्हणून भरले, तर इंदूरच्या आसपास सगळा नकाशा शंभर मीटरहून जास्त सरकतो. कोपऱ्यांचे आकडे भरताना यादीतून ‘कल्याणपूर १९७५’ निवडा, मग तयार नकाशा मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रणालीच्या झोन ४३ उत्तरमध्ये, म्हणजे यादीतल्या ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकात आणा. क्षेत्रफळ मीटरमध्येच मोजायचं आहे.

स्टॉक मॅपवर अक्षांश-रेखांश नसतीलच, तर उपग्रह चित्राशी जुळणारे बिंदू शोधा. नाल्याचं वळण घेऊ नका, ते पावसाळ्यागणिक हलतं. जंगलातली पायवाटही नको. जुना रेल्वेपूल, डांबरी रस्त्यांचा जुना चौक, देऊळ, तलावाच्या बांधाचं टोक हे भरवशाचे. पाताळपाणी ते कालाकुंड घाटातले पूल यासाठी उत्तम, ते जागचे हलत नाहीत. गणिताला तीन बिंदू पुरतात, पण तुम्ही आठ-दहा घ्या आणि चारही कोपऱ्यांत पसरा. ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे नकाशा बसवण्याची पद्धत, ‘पॉलिनॉमियल १’ ठेवा. एखाद्या बिंदूची चूक इतरांपेक्षा फारच मोठी दिसली, तर तो पुन्हा तपासा. चूक दाखवणारा आकडा लहान दिसावा म्हणून ‘थिन प्लेट स्प्लाइन’कडे धावू नका, त्यात नकाशा रबरासारखा ताणला जातो आणि चूक दिसेनाशी होते.

रेखाटन लाइन लेयरमध्ये (रेषांच्या थरात) करा, थेट पॉलिगॉनमध्ये (बंद आकृत्यांच्या थरात) नको. दोन कक्षांची (वनाच्या क्रमांक दिलेल्या भागांची) सामाईक सीमा दोनदा ओढली की मध्ये फट तरी राहते किंवा एकावर एक चढतं. त्यापेक्षा प्रत्येक सीमा एकदाच ओढा. जिथे तीन सीमा मिळतात तिथे रेषा संपवून नवी सुरू करा, स्नॅपिंग (रेषेचं टोक जवळच्या रेषेला आपोआप चिकटवणारी सोय) कायम चालू ठेवा. सगळं झाल्यावर प्रोसेसिंगमधलं ‘पॉलिगोनाइज’ चालवलं की कक्ष आपोआप बंद होतात. फाइल जिओपॅकेज या प्रकारात ठेवा. पडद्यावरचं प्रमाण १:३,००० च्या आसपास स्थिर ठेवलेलं बरं. त्याहून आत गेलात तर शाईच्या जाडीचे चढउतार गिरवत बसाल.

सीमा उपग्रह चित्राकडे पाहून ‘सुधारायची’ नाही. झाडी कुठे संपते आणि वनाची हद्द कुठे संपते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हद्द अभिलेखातली आणि मुनाऱ्यांची, म्हणजे सीमेवर बांधलेल्या खुणेच्या खांबांची. शंका आली तर लेयरला जोडलेल्या माहितीच्या तक्त्यात ‘शेरा’ नावाचा रकाना करून तिथे लिहा, रेषा हलवू नका.

तक्त्यात कक्ष क्रमांक, बीट (एका वनरक्षकाकडचा भाग), कूप आणि तोडीचं वर्ष हे रकाने पुरे. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये क्षेत्रफळाला १०,००० ने भागून हेक्टर काढा आणि कार्य आयोजनेतल्या, म्हणजे वनखात्याच्या कामाच्या आराखड्यातल्या, आकड्याशी ताडून पाहा. जुने आकडे एकरात असतील तर ०.४०४७ ने गुणा. किरकोळ फरक चालतो. मोठा फरक निघाला तर आधी त्या कक्षाची सीमा तपासा, मग नियंत्रण बिंदू, म्हणजे नकाशा जागेवर बसवताना घेतलेले बिंदू.

नाले, रस्ते, डेपो वेगवेगळ्या लेयरमध्ये ओढा. नाल्यांना कार्य आयोजनेत दिलेल्या अंतराचा बफर (दोन्ही बाजूंचा राखीव पट्टा) द्या, डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरून) उतार काढून तीव्र उताराचे तुकडे वेगळे करा आणि ‘डिफरन्स’ने दोन्ही कूपातून वजा करा. उरतं ते तोडीयोग्य क्षेत्र. विंध्याच्या या कड्यावर, निमाडकडे उतरणाऱ्या कक्षांमध्ये, कागदावरचं क्षेत्र आणि हे क्षेत्र यांत बरंच अंतर पडू शकतं, आणि मजुरांचा, गाड्यांचा हिशेब याच दुसऱ्या आकड्यावर करायचा.

छापण्याआधी नकाशा फोनवरच्या क्यूफील्ड अ‍ॅपमध्ये टाका आणि बीटगार्डबरोबर कूपाच्या कोपऱ्यांवरचे दोन-चार मुनारे प्रत्यक्ष पाहून या. तिथे फरक सापडला तर तो शेऱ्याच्या रकान्यात तारखेसह नोंदवा आणि रेंजरसाहेबांना दाखवूनच पुढचं ठरवा.