म्हाताऱ्या कुत्र्याचे केस झडून राहिले का? औषध लावायच्या आधी हे बघा

आमच्याकडं कुत्र्याचे केस गेले की सारं गाव एकच सांगते, खरूज झाली, जळलेलं ऑइल लावा. कोणी करंजीचं तेल न गंधक सांगते, कोणी तर कपाशीवर फवारायचं औषधच पाण्यात टाकून आंघोळ घाल म्हणते. हे शेवटचं बिलकुल करू नका. 2017 ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता विषबाधा होऊन माणसं गेली, आणि कुत्रं तर ते अंगावरून चाटते, त्याच्या उघड्या कातडीतूनही ते आत जाते. जळलेलं ऑइलही चाटल्यावर पोटातच जाते.

आमचा शेरू अकरा वर्षांचा, वावर राखणारा गावठी कुत्रा. मी त्याला दोन महिने करंजीचं तेल चोळलं आणि त्याला खरूज नव्हतीच. ते दोन महिने वाया गेले म्हणून हे लिहून राहिली.

सगळ्यात पहिले हे बघा की खाजवते का नाही. संध्याकाळी खाट टाकून पंधरा मिनिटं नुसतं त्याच्याकडं बघत बसा, रात्री अंगणात पाय आपटल्याचा टपटप आवाज येते का ऐका. काही कुत्री खाजवत नाहीत पण चाटतात, पांढरे केस असतील तर चाटलेल्या जागी लालसर तपकिरी डाग पडते. मग झडलेल्या जागेच्या कडेचे केस बोटानं धरून उजेडात बघा. टोकं तुटलेली असली तर तो चावून नाहीतर खाजवून तोडून राहिला. टोक शाबूत आणि केस धरला तसा अलगद हातात आला तर केस आपोआप गळून राहिले. इथून दोन वेगळे रस्ते होतात.

खाजवत असेल तर जागा बघा. शेपटीच्या बुडाशी, कमरेवर असेल तर पिसवा. पिसू दिसली नाही म्हणजे नाही असं नसते, उवांची बारीक फणी घ्या, कमरेवरून फिरवा, जे काळं भुरभुर पडेल ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. कणाभोवती लालसर डाग पसरला तर ती पिसवांची घाण, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. कानाची कड, कोपर, पोट इथं असेल आणि जीव खाऊन खाजवत असेल तर खरुजेचा किडा. कानाची कड बोटात धरून चोळली की त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप हलायला लागते, पक्की खात्री नाही पण संशय घ्यायला पुरेसं आहे, आणि कुत्र्याजवळ झोपणाऱ्या पोट्ट्यांच्या पोटावर, हातावर बारीक लाल पुरळ उठलं असेल तर बोलायलाच नको. गोल गोल चकंदळं असतील तर गजकर्णाचा संशय, ते पण घरातल्यांना लागते, खास करून लेकरांना. ॲलर्जी बहुतेक एक ते तीन वर्षाच्या वयात सुरू होते, म्हणून जन्मभर न खाजवलेलं कुत्रं दहाव्या वर्षी खाजवायला लागलं तर ॲलर्जी म्हणून सोडून देऊ नका, किडेच शोधा आधी.

आणि खाजवत नसेल तर कुत्र्याला उभं करा, मागून आणि वरून बघा. दोन्ही अंगाला सारखेच केस गेले का? डाव्या मांडीवर जेवढं तेवढंच उजव्या मांडीवर, डोकं आणि पायाची टोकं तशीच झुपकेदार, असं असेल तर बहुतेक गडबड आतली आहे, हार्मोनची.

त्यात गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन कमी पडणं हे एक. कुत्रं कमी खाऊनही वजन धरते, सुस्त राहते, बाकीचे सावलीत आणि हे उन्हात जाऊन बसते, शेपटी उंदरासारखी उघडी पडते, कातडी काळी आणि जाडसर होते.

दुसरा कुशिंगचा आजार, यात शरीरात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन जास्त बनते. पाणी खूप, लघवी खूप, भूक खूप, पोट लटकलेलं, कातडी पातळ, बसल्या जागी धापा. पाण्याचा अंदाज डोळ्यानं घेऊ नका, मोजा. सकाळी मापानं पाणी भरून ठेवा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा, असं तीन दिवस. वीस किलोचं कुत्रं रोज दोन लिटरच्या वर पिऊन राहिलं तर ते जास्तच. पण ढोराच्या हौदावर तोंड लावत असेल तर हिशोब चुकते, तेवढे दिवस बांधून ठेवा, आणि मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत हे मोजून फायदा नाही, तेव्हा सगळीच कुत्री पितात.

हाच आजार औषधानंही येते आणि खेड्यात हे लय होते. खाज आली की स्टेरॉइडचं इंजेक्शन, पंधरा दिवस आराम, परत खाज, परत इंजेक्शन. वर्षभर असं चाललं की पोट सुटते, केस जातात आणि अंगातली ताकद कमी झाल्यामुळं डेमोडेक्स नावाचा किडा डोकं वर काढते, जो एरवी कुत्र्याच्या अंगावर थोडाफार असतोच पण त्रास देत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यात डेमोडेक्स निघाला की त्याच्यामागं दुसरं काहीतरी आहे असंच समजा. आणि हो, असं चालू असलेलं स्टेरॉइड घरच्या घरी एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू उतरवतात.

तिसरं कारण, जे आमच्या शेरूला होतं, ते कोणीच बघत नाही. नर असेल आणि नसबंदी झाली नसेल तर मागच्या पायांमधली पिशवी हातानं तपासा. दोन अंड हवेत, दोन्ही सारखे. एक मोठं आणि एक सुकलेलं असेल तर संशय घ्या, आणि एकच हाताला लागत असेल तर दुसरं पोटात किंवा जांघेत अडकलेलं असते आणि अशा अडकलेल्या अंडात गाठ व्हायचा धोका खूप जास्त. त्या गाठीतून मादीचं हार्मोन निघते. शेरूची स्तनं सुजून वर आली होती, मी समजली म्हातारपणानं झाली असतील. आणि गावातली नर कुत्री त्याच्या मागं लागायची, पोट्टे हसायचे, मला त्या कुत्र्यांचाच राग यायचा. डॉक्टरनं पाच मिनिटं हात फिरवला न विचारलं, याला जन्मापासून एकच आहे का? अकरा वर्षं माझ्या हाताखाली वाढलेला कुत्रा, मला सांगता आलं नाही.

खाण्याचंही बघा. नुसती भाकर नाहीतर वरणाचं पाणी न भात यावर कुत्रं जगते, पण केस जवळजवळ सगळे प्रोटीनचेच असतात, अंडी-मटण काही मिळत नसेल तर फर निस्तेज होते. पट्ट्याखालचे केस घासून जाणं, कोपराला घट्टा पडणं, थंडी सरताना केस गळणं, यात घाबरायचं नाही, फक्त ऋतूच्या गळण्यात टक्कल पडत नाही.

दवाखान्यात जायच्या आधी आठवडाभर तेल, मलम, आंघोळ काही नको. कागदावर लिहून न्या की कधीपासून, कुठून सुरू झालं, कोणकोणती इंजेक्शनं झाली, पाणी किती. मोबाईलमध्ये दोन्ही बाजूंचे फोटो. डॉक्टरला स्किन स्क्रेपिंग करा म्हणा, ब्लेडनं कातडी थोडं रक्त पाझरेपर्यंत खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, पण खरुजेचा किडा त्यात कित्येकदा सापडत नाही, रिपोर्ट निल आला तरी संशय असेल तर उपचार करून बघतात. पुढं रक्त तपासणी. थायरॉइडसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा, माणसाच्या लॅबमधली टीएसएच नावाची थायरॉइडची तपासणी कुत्र्याला चालत नाही, आणि एकटा टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, कमी आला म्हणून गोळी सुरू करायची नसते, कारण दुसऱ्या कोणत्याही आजारात तो कमी येते. कुशिंगच्या एका टेस्टला आठ तास लागतात, तीनदा रक्त घेतात, म्हणून पहिल्या गाडीनं जा. गावात दवाखाना नसेल तर 1962 वर फोन करून जनावरांच्या डॉक्टरांचं फिरतं पथक विचारा, मोठ्या तपासणीला नागपूरला सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्यालाही पशुवैद्यक संस्था आहे. घरातल्या ढोराचं आयव्हरमेक्टिन, म्हणजे किडे मारायचं औषध, अंदाजानं कुत्र्याला टोचू नका, डोस चुकला की मेंदूवर जाते.

शेरूचं ऑपरेशन करायच्या आधी रक्त तपासलं, कारण ते मादीचं हार्मोन हाडातलं रक्त बनणं बंद पाडू शकते, मग ऑपरेशनमध्येच जीव जायची भीती. त्याचं रक्त ठीक निघालं. पोटातून लिंबाएवढी गाठ निघाली. दर पंधरा दिवसांनी एकाच जागी उभं करून फोटो काढले, कारण रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. पहिले दोन महिने काहीच नाही, तिसऱ्या महिन्यात मांडीवर हात फिरवताना मऊ लव लागली. थंडी पडेपर्यंत पूर्ण केस आले नव्हते म्हणून रात्री त्याच्यासाठी गोठ्यात कुटारावर पोतं टाकत होती, पहाटे उठून बघितलं तर पोत्याखाली नाक खुपसून झोपलेला असायचा.