घरातले तीन कॉम्प्युटर आणि गायब झालेला प्रिंटर: सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या बाबतीत या चुका टाळा

"भाऊजी, प्रिंटर दिसूनच नाही राहिला." जुलैतली संध्याकाळ होती, बाहेर धो-धो पाऊस होता आणि टॅक्स रिटर्नची घाई चालू होती. नागपुरातल्या प्रतापनगरच्या आमच्या घरात पुढची खोली म्हणजे बाबांचं ऑफिस. त्यांच्या डेस्कटॉपवर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे आणि प्रिंटरही त्यालाच जोडलेला. वहिनी आपल्या लॅपटॉपवरून त्याच प्रिंटरवर कागद काढते. तिसरा कॉम्प्युटर माझा. आदल्या रात्री वीज कडाडली आणि राउटर गेला, म्हणून सकाळी नवा बसवला होता. तेव्हापासून वहिनीच्या लॅपटॉपला ना प्रिंटर दिसत होता, ना टॅलीचं फोल्डर.

बाबा म्हणाले, "आधी ते अँटीव्हायरस बंद कर बरं." मी दोन्ही मशीनवरची त्यातली फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून काय आत येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी, बंद केली. प्रिंटर दिसला, कागद निघाले, सगळे कामाला लागले. पोळ्याच्या आदल्या दिवशी सहज पाहिलं, तर फायरवॉल दोन्हीकडे बंदच होती. मधल्या काळात वहिनी तोच लॅपटॉप घेऊन इतवारीतल्या दोन दुकानांत हिशेबाला जाऊन आली होती आणि तिथल्या वायफायलाही जोडली होती. काही बिघडलं नाही, पण त्या दुकानातलं एखादं मशीन व्हायरसने भरलेलं असतं तर तो थेट बाबांच्या अशिलांच्या कागदांपर्यंत आला असता. नागपुरात घरून काम करणारी अशी कितीतरी कुटुंबं मला माहीत आहेत. ही चूक जवळपास प्रत्येक घरात होते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

फायरवॉल बंद करायची आणि विसरून जायचं

दोष कुठे आहे ते कळण्यासाठी फायरवॉल थोडा वेळ बंद करून पाहायला हरकत नाही. पण ते एका वेळी एकाच मशीनवर करा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'दहा मिनिटांसाठी बंद' किंवा 'रीस्टार्टपर्यंत बंद' असा पर्याय असतो, तोच निवडा. बंद केल्यावर प्रिंटर दिसला, तर कारण फायरवॉलमध्ये आहे एवढं कळलं. आता ती लगेच चालू करा आणि नेमकी कोणती सेटिंग आडवी येते ते शोधा. दोन्ही मशीनवर पाहूनही दिसला नाही, तर बहुधा अँटीव्हायरसचा दोष नाही. मग तो काढून पुन्हा टाकण्यात रात्र घालवू नका.

'घर की सार्वजनिक?' या प्रश्नाला घाईत दिलेलं उत्तर

आमच्याकडे खरं कारण हे निघालं. विंडोजला नवा राउटर म्हणजे नवं नेटवर्क. विंडोज ११ अशा नव्या नेटवर्कला आपणहून 'पब्लिक' धरतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरचं वायफाय असावं तसं. पब्लिक नेटवर्कवर आपलं मशीन बाकीच्यांपासून लपवलं जातं आणि फाइल-प्रिंटर शेअरिंग बंद राहतं. ते बरोबरच आहे, स्टेशनवर तसंच हवं. घरात मात्र त्याच नियमाने सुनेचा लॅपटॉप आणि सासऱ्यांचा डेस्कटॉप एकमेकांना परके होतात.

सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटवर जा, आपल्या वायफायच्या प्रॉपर्टीज उघडा आणि तिथे 'प्रायव्हेट' निवडा. केबल लावली असेल तर इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये तेच. हे घरातल्या प्रत्येक मशीनवर करायचं. ज्या मशीनला प्रिंटर जोडला आहे त्यावर तर आधी, कारण दार त्याने उघडायचं असतं.

एवढं करूनही अडलं, तर पुढची गाठ पाहा. विकतच्या बहुतेक सिक्युरिटी पॅकेजमध्ये स्वतःची फायरवॉल असते आणि ती चालू असली की विंडोजच्या फायरवॉलऐवजी तिचं चालतं. तिचीही नेटवर्कची वेगळी यादी असते. नवं वायफाय दिसलं की ती उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट दाखवते: हे घरचं नेटवर्क आहे, ऑफिसचं की सार्वजनिक? वहिनीने कामाच्या गडबडीत त्या चौकटीच्या फुलीवर क्लिक केलं होतं. उत्तर मिळालं नाही म्हणून त्या सॉफ्टवेअरने सर्वांत कडक पर्याय धरला. नेटवर्कच्या यादीत जाऊन ते नाव 'होम' किंवा 'ट्रस्टेड' केलं आणि फायरवॉल चालू असताना प्रिंटर आला. सगळं मिळून चार मिनिटांचं काम होतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. प्रायव्हेट फक्त आपल्या घरच्या वायफायला करायचं. दुकान, हॉटेल, अशिलाचं ऑफिस, सगळीकडे पब्लिकच राहू द्या.

दोन राउटर, दोन वेगळी घरं

मानेवाड्याच्या आमच्या काकांकडे अँटीव्हायरस तीनदा बदलून झाला होता. दोष त्यात नव्हताच. खाली फायबरवाल्याने बसवलेला राउटर आणि वरच्या मजल्यावर रेंज यावी म्हणून बर्डीवरून आणलेला दुसरा. दुसरा राउटर जसाच्या तसा जोडला की तो स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो, आणि खालच्या मशीनला वरचं मशीन दिसत नाही.

ओळखायचं कसं? दोन्ही कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) चालवा आणि आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, पाहा. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर घरगुती राउटरवर त्याचा अर्थ ती दोन वेगवेगळी नेटवर्क आहेत. वरचा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका, म्हणजे तो खालचंच नेटवर्क वर पोचवेल. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता खालच्या राउटरपेक्षा वेगळा ठेवा, त्यातलं डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि खालून आलेली केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. मग केबल किंवा वायफाय तपासा.

कुणी लॅपटॉप गेस्ट वायफायला जोडला असेल तरीही हेच होतं. गेस्ट नेटवर्क पाहुण्यांना घरच्या मशीनपासून दूर ठेवण्यासाठीच असतं.

पासवर्डच्या जागी पिन

दुसऱ्या मशीनचं फोल्डर उघडताना नाव आणि पासवर्ड विचारला की लोक रोजचा चार आकडी पिन टाकतात आणि "सिक्युरिटीने अडवलं" म्हणतात. पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो. नेटवर्कवर खात्याचा पासवर्डच लागतो. यावर 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करून फोल्डर 'एव्हरीवन'ला देऊ नका. बाबांच्या मशीनवर वहिनीसाठी वेगळं खातं करून फक्त त्यालाच परवानगी द्या.

जुनं दार पुन्हा उघडणं, अपडेट काढून टाकणं

जुन्या मशीनशी शेअरिंग जमत नसलं की कुणीतरी 'एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा' असा सल्ला देतो. कृपा करून ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॅनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरला तो याच जुन्या एसएमबीतल्या दोषामुळे, आणि त्यावरचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट टाळले त्यांतल्या अनेकांच्या फाइली गेल्या. एवढं जुनं मशीन असेल तर त्यातला डेटा पेन ड्राइव्हने आणा.

विंडोजच्या सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर कोडच्या शेवटी '११बी' (11b) असलेला एरर येऊ लागला, तेव्हा अनेक घरांत ते अपडेटच काढून टाकलं गेलं. काही मशीनवर अपडेट तेव्हापासून थांबवलेलेच आहेत. आज जाऊन बघा आणि चालू करा. प्रिंटरच्या कटकटीवर कायमचा उपाय म्हणजे वायफाय किंवा लॅन असलेला प्रिंटर थेट राउटरला जोडणं. मग बाबांचा डेस्कटॉप बंद असला तरी कागद निघतो.

दोन अँटीव्हायरस, स्कॅनमधून मोठमोठ्या सवलती

एका मशीनवर दोन अँटीव्हायरस ठेवू नका. दोघेही तीच फाइल तपासत बसतात आणि मशीन अडकतं. लॅपटॉपसोबत आलेली ट्रायल संपली असेल तर ती काढा, आणि ती कंपनी काढून टाकण्याचं वेगळं टूल देत असेल तर तेच वापरा. नाहीतर तिचे नेटवर्कमधले ड्रायव्हर मागे राहतात आणि इंटरनेट अधूनमधून बंद पडतं. मग विंडोज सिक्युरिटी उघडून आता पहारा कोण देतंय ते एकदा डोळ्यांनी पाहा.

टॅली हळू चालते म्हणून अख्खा डी ड्राइव्ह स्कॅनमधून वगळलेला मी पाहिला आहे. फक्त टॅलीचं डेटा फोल्डर वगळा आणि त्याचा बॅकअप रोज एका डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला मशीनइतकीच सहज सापडते. डिजिटल सहीचं टोकन चालत नसेल तर बहुतेक वेळा अँटीव्हायरसचं वेब स्कॅनिंग सही करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला अडवत असतं. ब्लॉक केलेल्यांच्या यादीत त्याचं नाव शोधा आणि तेवढ्यालाच परवानगी द्या.

आणि दुरुस्तीवाल्याने फोनवरून मशीन हाताळण्यासाठी रिमोटचं ॲप टाकलं असेल, तर तो गेल्यावर लगेच प्रोग्रामच्या यादीतून ते काढा. त्याला पासवर्ड सांगितला असेल तर त्याच संध्याकाळी बदला. आमच्या घरी ते वहिनी करते, आणि झालं की बाबांना दाखवते.