रिफंडचा मेल आलाय? थांबा, आधी शेपूट बघा

परवा सकाळी काकांचा फोन, "अरे इन्कम टॅक्सचा मेल आलाय, 18,450 रुपये रिफंड आहे म्हणे, कार्डचा नंबर कुठं टाकायचा ते सांग जरा." काका सदाशिव पेठेत राहतात, बँकेतून रिटायर झालेत, मंडईत दोन रुपयांसाठी भाजीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालतात, आणि हाच माणूस कार्ड नंबर द्यायला निघालेला. म्हटलं काका, लॅपटॉपवरनं हात काढा, मी येतोय.

तर जे त्यांना दाखवलं तेच इथं लिहितोय. स्पेलिंगच्या चुका बघा, लोगो अस्पष्ट आहे का बघा, हे जुनं झालं. आता मेल व्याकरणशुद्ध असतात, मराठीत सुद्धा येतात, काकांना आलेला मेल तर खऱ्या मेलपेक्षा देखणा होता. त्यामुळे रंगरूप सोडा.

सगळ्यात आधी पाठवणाऱ्याचा पत्ता. मोबाइलवर जीमेलमध्ये वर फक्त नाव दिसतं, आणि नाव तर कोणीही काहीही लावतो, मी उद्या "महापौर, पुणे" लावीन. नावाखालचा बाण दाबला की खरा पत्ता उघडतो. तो वाचायचा मागून. आपला पोस्टाचा पत्ता कसा असतो, लक्ष्मी रोड, सदाशिव पेठ सगळं लिहून शेवटी नागपूर लिहिलंत तर पत्र नागपूरलाच जाणार ना? तसंच आहे हे. लिंकही अशीच मागून वाचायची. काकांच्या मेलमधली लिंक होती "इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-हेल्प डॉट टॉप" अशी काहीतरी. सुरुवात बघून माणूस खूष, पण गाव शेवटी आहे, आणि ते "रिफंड-हेल्प डॉट टॉप" आहे. लिंक लांब असेल तर सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्याच्या दोन तिरक्या रेघा सोडून, पुढची पहिली तिरकी रेघ येईपर्यंतच वाचायचं आणि तिथून मागं यायचं, रेघेनंतर काय लिहिलंय त्याला किंमत नाही. सरकारी खातं असेल तर शेवट गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन हवा. बँकांना पण आरबीआयने "बँक डॉट इन" हे शेपूट सक्तीचं केलंय, 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत होती, त्यामुळे बँकेचं नेट बँकिंग ओळखणं जरा सोपं झालंय. आणि चष्मा लावून वाचा, इंग्रजी आर आणि एन चिकटून लिहिले की एम सारखे दिसतात, हा खेळ जुना आहे पण अजून चालतो.

लिंक न उघडता बघायची कशी? कॉम्प्युटरवर माउस नुसता वर न्यायचा, क्लिक नाही, खाली कोपऱ्यात खरी लिंक दिसते. मोबाइलवर बोट दाबून धरायचं. निळ्या अक्षरात एक पत्ता आणि आत भलताच पत्ता असेल तर विषय संपला. जास्त खोलात जायचं असेल तर कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये तीन टिंबं, मग "शो ओरिजिनल", तिथं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क असं लिहिलेलं असतं, मेल खरंच त्या पत्त्यावरनं आलाय का हे तपासणाऱ्या या चाचण्या. फेल दिसलं तर संशय घ्या, पण पास दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, चोराने स्वतःचं डोमेन (म्हणजे इंटरनेटवरचं पत्त्याचं नाव) विकत घेतलं असेल तर त्याचंही पासच येतं.

एवढं सगळं जमत नसेल तर एकच करा, मेलमधल्या दारातनं जायचंच नाही. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करायचा, लॉगिन करायचं, तिथं काही आहे का बघायचं. रिफंड तुम्ही इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट केलेल्या (पडताळून घेतलेल्या) बँक खात्यातच येतो, त्याला कार्ड नंबर लागतच नाही. काकांचं पोर्टल उघडलं तर रिफंड शून्य, वर 1,200 रुपये भरायचे निघाले. त्यावर काकू जे बोलल्या ते लिहीत नाही.

वीज आज रात्री कापणार, केवायसी आज संपणार, ही घाई म्हणजेच खूण. "तुमच्या कॅमेऱ्यातनं रेकॉर्डिंग केलंय, बिटकॉइन पाठवा" असा मेल येतो, त्यात तुमचा खराखुरा जुना पासवर्ड पण असतो, आणि घाम फुटतो. तो बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या वेबसाइटच्या फुटलेल्या डेटामधला असतो. पैसे पाठवू नका, तो पासवर्ड अजून कुठं चालू असेल तर बदला.

उत्तर द्यायचं नाही, शिव्या सुद्धा नाही. अनोळखी मेलमधलं "अनसबस्क्राइब" पण नको, पत्ता जिवंत आहे हे त्यांना कळतं. नुसतं डिलीट करण्यापेक्षा "रिपोर्ट फिशिंग" करा (फिशिंग म्हणजे असे फसवे मेल). इन्कम टॅक्सच्या नावाचा असेल तर वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन वर फॉरवर्ड करा.

आणि क्लिक झालंच तर? नुसता मेल उघडला असेल तर सहसा काही होत नाही. पासवर्ड दिला असेल तर दुसऱ्या डिव्हाइसवरनं लगेच बदला, सगळीकडनं साइन आउट करा, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं) चालू करा, आणि हे लोक विसरतात ते म्हणजे सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, चोर तिथं स्वतःचा पत्ता घालून ठेवतो आणि पासवर्ड बदलला तरी तुमचे मेल त्याला जात राहतात. एपीके फाइल (अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी) टाकली गेली असेल तर फोन एअरप्लेन मोडवर, पुढचे फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरनं. ओटीपी दिला, पैसे गेले, तर आधी बँकेला सांगून कार्ड ब्लॉक करा आणि लगोलग 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, ट्रान्झॅक्शन नंबर हाताशी ठेवून. लाजत बसू नका. आरबीआयने 2017 मध्ये नियम केला, त्यात आपल्या चुकीने गेलेले पैसे बँकेला कळवेपर्यंत आपल्या माथी आणि कळवल्यानंतरचं नुकसान बँकेच्या, म्हणजे अर्धा तास उशीर सुद्धा खिशातनं जातो.

जाता जाता एक. जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावापुढं अधिकचं चिन्ह टाकून काहीही शब्द लिहिला तरी मेल आपल्यालाच येतो (काही साइट घेत नाहीत असा पत्ता, ते सोडा). डेक्कनवरच्या एका दुकानात मी असा "अधिक शर्ट" वाला पत्ता दिला होता, तिसऱ्या महिन्यात त्याच पत्त्यावर लोनचे मेल सुरू झाले, म्हणजे पत्ता कुठनं फुटला ते कळलं.