कोकणात कुत्रा दत्तक घेताना: शुल्क कशाचे आणि तपासणी कोणती

रस्त्यावरून वाचवलेला कुत्रा दत्तक देताना संस्था जे शुल्क मागते, ती त्या कुत्र्याची किंमत नसते. मुंबई-गोवा महामार्गावर गाडीची धडक बसून पडलेल्या किंवा मासळी बाजारात अर्धपोटी वाढलेल्या जनावराला पुन्हा उभे करताना औषधांवर, शस्त्रक्रियेवर आणि खाण्यावर जो खर्च झालेला असतो, त्याचा तो लहानसा वाटा असतो. म्हणून शुल्क किती आहे यापेक्षा त्या पैशात काय झालेले आहे आणि काय व्हायचे राहिले आहे, हे आधी विचारावे.

काही संस्था व कार्यकर्ते काहीच घेत नाहीत, काही ठरावीक रक्कम घेतात, तर लहान पिल्लू देताना काही जण अनामत ठेवून घेतात आणि निर्बीजीकरण झाल्याचा कागद दाखवल्यावर ती परत करतात. मला ही शेवटची पद्धत सर्वांत योग्य वाटते, कारण घरी नेलेल्या मादीची पिल्ले पुन्हा रस्त्यावर आली तर सगळी मेहनत वाया जाते. रक्कम कोणतीही असो, तिची पावती घ्यावी. कुत्रा प्रत्यक्ष दाखवण्यापूर्वी कोणी मोबाइलवरून आगाऊ पैसे मागत असेल, किंवा ‘दत्तक’ म्हणत जातिवंत पिल्लांसाठी मोठी रक्कम सांगत असेल, तर तो व्यवहार विक्रीचा समजून दूर राहावे. २०१७च्या श्वान पैदास नियमांनुसार ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे.

लसीकरणाच्या कार्डावर लशीचे नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाची सही असली पाहिजे. रेबीजची पहिली लस साधारणपणे ३ महिने पूर्ण झाल्यावर देतात. मोठ्या कुत्र्याचा एक कान कातरलेला दिसला, तर त्याचे निर्बीजीकरण झाल्याची ती खूण असते आणि त्या वेळी रेबीजची लसही दिली जाते. मात्र तारखेचा कागद हाती नसेल तर लस नव्याने टोचून घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही, त्यामुळे येथे अंदाजावर विसंबू नये.

आपल्याकडे सर्वांत अधिक फसवतो तो गोचिडांमुळे होणारा ताप. गोचीड चावल्यानंतर काही आठवड्यांत कुत्रा तापाने फणफणतो, मग वरवर बरा दिसतो, पण जंतू शरीरात महिनोन्महिने टिकून राहू शकतात आणि एके दिवशी नाकातून रक्त येऊन घरच्यांना ते कळते. त्यामुळे कुत्रा टुणटुणीत दिसत असला तरी रक्ततपासणी करावी आणि अहवालात हिमोग्लोबिन व प्लेटलेट्स अवश्य पाहाव्यात. वेळीच निदान झाले तर औषधे सहसा चांगली लागू पडतात, पण ती सुमारे ४ आठवडे न चुकवता द्यावी लागतात. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सर्व चाचण्या होतीलच असे नाही; रक्ताचा नमुना शहरातील प्रयोगशाळेत पाठवावा लागला, तर तो खर्च आपला की संस्थेचा, हे आधीच ठरवून घ्यावे.

दुसरी काळजी लेप्टोस्पायरोसिसची. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाणथळ जागेतून तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या मूत्रातून माणसालाही होऊ शकतो. लावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी वावरणाऱ्या आपल्या घरांसाठी हा धोका मोठा आहे. पहिल्यांदा लस देताना २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. म्हणून एप्रिलअखेरीस सुरुवात केली, तर मिरगापूर्वी दोन्ही पूर्ण होतात. पुढे ती दरवर्षी द्यावी लागते.

कुत्रा पाहायला जाल तेव्हा त्याचा ओठ हलकेच उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी हव्यात, पांढुरक्या नकोत. कानांच्या कडा आणि कोपरांवरचे केस गेलेले असतील तर खरजेची शंका घ्यावी. जननेंद्रियातून रक्त ठिबकत असेल, तर ती रस्त्यावरच्या कुत्र्यांत आढळणारी संसर्गजन्य गाठ असू शकते. तिच्यावर दर आठवड्याला इंजेक्शने द्यावी लागतात आणि बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. एवढ्या कारणावरून कुत्रा नाकारू नये, फक्त उपचार पूर्ण करण्याची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहून घ्यावे.

घरी आणल्यावर पहिले १४ दिवस त्याला घरातल्या इतर कुत्र्यांपासून वेगळे, शक्यतो पडवीच्या एका बाजूला ठेवावे आणि त्याची भांडी निराळी ठेवावीत. अंगणात पूर्वी पार्व्हो या विषाणूजन्य आजाराने पिल्लू दगावले असेल, तर त्याचा विषाणू मातीत वर्षभरही तग धरू शकतो. अशा घरी लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू आणू नये, सर्व लसी झालेला मोठा कुत्रा मागावा.