पॉइंट टू-टू (.22) पिस्तुलात राउंड अडकतोय? आधी तो अडकलेला राउंड नीट बघा

पावसाळा लागला की मुंबईत वरळीच्या शूटिंग रेंजवर शेजारच्या लेनमधून हमखास आवाज येतो, "परत अडकला यार." आणि मग तोच माणूस जोरजोरात स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा भाग) ओढतो, राउंड, म्हणजे अख्खं काडतूस, बाहेर फेकतो, नवीन मॅगझिन घालतो आणि शॉट्सच्या पुढच्या सिरीजला परत तेच. मी पण आधी हेच करायचे. पण तो बाहेर फेकलेला राउंडच तुम्हाला सांगत असतो काय बिघडलंय, तो उचलून बघायचा असतो.

पण त्याआधी, पिस्तूल अडकलं की नळी टार्गेटकडेच, बोट ट्रिगरवरून बाहेर. ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही तर तसंच धरून निदान ३० सेकंद थांबा, राउंड उशिरा पेटू शकतो. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचा शॉट अजिबात मारायचा नाही, गोळी नळीतच राहिलेली असू शकते, पिस्तूल रिकामं करून रेंज ऑफिसरला दाखवा आणि नळी मोकळी आहे हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता राउंड बघू. अर्धवट आत जाऊन थांबलाय, स्लाइड पूर्ण बंद होत नाही, किंवा पहिल्या फटक्याला पेटत नाही पण तोच राउंड परत मारला की पेटतो? म्हणजे राउंड तळापर्यंत बसतच नाहीये, राउंड पेटवणाऱ्या फायरिंग पिनचा पहिला फटका त्याला पुढे ढकलण्यात वाया जातो. पॉइंट टू-टूची गोळी शिशाची आणि वरून मेणासारखं वंगण, त्यात दारूची काजळी मिसळली की चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या जागेत, कडक थर बसतो, आपण नळीतून पॅच (कापडाचा तुकडा) फिरवतो आणि चेंबर तसंच राहतं. यासाठी ब्राँझचा चेंबर ब्रश घ्या, सॉल्व्हेंट लावून १० मिनिटं ठेवा, मग मागच्या बाजूने आत घालून गोल फिरवा, आणि शेवटी कोरड्या पॅचने पुसा. कोरडं म्हणजे कोरडं, चेंबरमध्ये तेल राहिलं की सगळी काजळी त्यालाच चिकटते.

साफ करूनही तसंच होतंय तर राउंडच्या पितळेच्या केसवर (नळकांड्यावर) बोट फिरवा. माझ्या केसवर रिमपासून (बुडाच्या कडेपासून) पुढे एकच बारीक चकचकीत ओरखडा यायचा, प्रत्येक राउंडवर त्याच जागी, मी आठवडाभर मॅगझिनलाच दोष देत होते. आमच्या सरांनी भिंग लावून चेंबरची कड दाखवली, रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगर मारून मारून पिन कडेवर आपटलेली आणि तिथे धातूचा इवलासा उंचवटा आलेला. हे घरी कानशीने घासायला जाऊ नका, आर्मररकडेच (पिस्तूल दुरुस्त करणाऱ्याकडेच) द्या, आणि ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा सराव, स्नॅप कॅप (खोटा राउंड) घालूनच करा.

गोळीचं नाक एका बाजूला चेपलेलं असेल तर मात्र मॅगझिनचे ओठ (राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेत का बघा. मॅगझिनवर नंबर टाकून ठेवा, दोनपैकी एकातच होत असेल तर लगेच कळतं. गोळीवर चारी बाजूंनी नळीच्या आतल्या आट्यांच्या बारीक रेघा दिसल्या तर घाबरू नका, मॅच पिस्तुलाचं चेंबर घट्ट असतं, दुसऱ्या ब्रँडचा राउंड लावून बघा.

परदेशात सेंटरफायरचे (पेटणारा मसाला बुडाच्या मध्यभागी असलेले) राउंड हाताने भरणारे लोक सुटी बॅरल (नळी) घेऊन त्यात राउंड सोडून बघतात, टुपकन तळाला बसला तर ठीक. आपल्या पॉइंट टू-टूत पेटणारा मसाला रिममध्येच असतो त्यामुळे तो परत भरायचा प्रश्नच नाही, पण राउंड स्वतःच्या वजनाने कुठपर्यंत जातो ही नजर आपल्यालाही हवी.

मुंबईत अजून एक भानगड म्हणजे दमट हवा. एसी गाडीतून थंडगार डबा काढून लगेच उघडला की राउंडवर दव धरतं, बंद डबा थोडा वेळ बाहेर राहू द्या. फोमच्या पेटीत पिस्तूल रात्रभर ठेवू नका, फोम ओल धरतो आणि चेंबरला गंज चढतो. जमिनीवर पडलेला राउंड तर परत भरूच नका, मेणाला वाळू चिकटलेली असते.

आणि मॅचमध्ये अडकलं तर, हे मी एका स्पर्धेत रडून शिकलेय. माझा तिसरा शॉट अडकला आणि मी सवयीने स्लाइड ओढली. मागून सर कळवळून म्हणाले, "अगं, हात काढ त्याच्यावरून!" पण उशीर झालेला. रेंज ऑफिसरने बघायच्या आत तुम्ही ब्रीचला (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाला) हात लावलात की ते मालफंक्शन धरतच नाहीत, न मारलेले शॉट शून्य. म्हणून नळी समोर धरून ठेवायची, दुसरा हात वर करायचा आणि ते येईपर्यंत काहीही उघडायचं नाही.