प्रयोगशाळेतली प्रेमकथा वाचायची कशी

शास्त्रज्ञांच्या प्रेमाची कादंबरी हातात आली की बहुतेक जणी नायक-नायिकेची पहिली भेट शोधत पानं उलटतात. माझं ऐका, आधी कोण कुणाचा गाईड, म्हणजे पीएच.डी.चा मार्गदर्शक, आहे ते शोधा. मी सोलापुरात रसायनशास्त्र शिकवते, पीएच.डी.ही इथल्याच विद्यापीठातून केली. सिनॉप्सिस (संशोधनाचा सारांश), गाईडची सही आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) यांत माणसाचा किती जीव अडकलेला असतो हे कळलं, की या गोष्टीतली धडधड आपोआप ऐकू येते.

या कादंबऱ्या बऱ्याचदा अमेरिकेतल्या विद्यापीठांत घडतात, म्हणून तिथली शिडी माहीत हवी. पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो आणि विज्ञानात ती सहसा ५-६ वर्षं चालते. पुढे पोस्टडॉक, म्हणजे काही वर्षांची तात्पुरती नेमणूक, तीही बहुधा दुसऱ्याच शहरात. मग असिस्टंट प्रोफेसर. तिथेही साधारण सहाव्या-सातव्या वर्षी निकाल लागतो: टेन्युअर मिळाला तर नोकरी पक्की, नाही तर दुसरीकडे वाट शोधायची. नायक चिडका, एकलकोंडा वाटला तर तो या शिडीवर कुठल्या पायरीला उभा आहे ते आधी बघा. पोस्टडॉक, टेन्युअर आणि ग्रँट, म्हणजे संशोधनासाठी मिळणारा निधी, एवढे शब्द कळले की पुरे. बाकी प्रथिनांची आणि यंत्रांची नावं खुशाल ओलांडून जा, प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडलात तर रस आटतो.

प्रयोगाचे प्रसंग मात्र ओलांडू नका. खरी गोष्ट तिथेच असते, कारण प्रयोगशाळेत वाट बघणं फार. पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारं, यंत्र लावलं की दीड-दोन तास हात मोकळे. जिवाणू वाढायला ठेवले की रात्र जाते. पेशी वाढवत असाल तर त्यांना रविवार कळत नाही, ठरल्या वेळी त्यांचं माध्यम, म्हणजे त्यांना पोसणारं द्रव, बदलावंच लागतं. म्हणून ही माणसं रात्री अकराला एकाच खोलीत सापडतात. त्या रिकाम्या वेळात कोण कुणासाठी चहा आणतो, कोण दुसऱ्याच्या नळ्यांवर न सांगता लेबलं लावून ठेवतो, ते टिपत चला. माझ्या लेखी फुलांच्या गुच्छापेक्षा ती लेबलं मोठी.

तसंच पेपरवरच्या, म्हणजे शोधनिबंधावरच्या, नावांचं. जीवशास्त्रात पहिलं नाव सहसा ज्यानं सर्वांत जास्त काम केलं त्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. कादंबरीत कुणी नायिकेचं पहिलं नाव मागे ढकललं, तर तो तिच्या आयुष्याच्या चार-पाच वर्षांवर घातलेला हात असतो. अशा वेळी नायक काय करतो, त्यावर मी त्याला पास-नापास करते.

आता सर्वांत महत्त्वाचं. नायक नायिकेचाच गाईड असेल आणि लेखिकेला त्यात काही खटकत नसेल, तर पुस्तक मिटा. जिच्या थिसिसवर त्याची सही लागते, तिला ‘नाही’ म्हणणं किती महाग पडतं, हे आपल्या कॉलेजांत सगळ्यांना माहीत आहे. जाणत्या लेखिका नायकाला दुसऱ्या विभागात ठेवतात, तिचा थिसिस तपासणाऱ्या समितीपासून लांब ठेवतात, आणि त्या अंतरातूनच कथेला ताण देतात.

बायकांना या खोलीत शिरायलाच किती झगडावं लागलं, तेही मनात असू द्या. कमला भागवत, म्हणजे लेखिका दुर्गाबाई भागवतांची बहीण, पुढच्या कमला सोहोनी, १९३३मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या तेव्हा तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला. मग घेतलं ते अटींवर, आणि त्यांतली एक अशी की त्यांच्या असण्यानं पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. १९३९मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. ही अट डोक्यात ठेवून कादंबरी वाचा, नायिका स्वतःच्या प्रेमाला इतकी का घाबरते ते उमगेल.

आणि कामातून जुळणारं प्रेम परक्या मुलखातलंच असतं असं समजू नका. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४१मध्ये त्यांनी तिथे लग्न केलं ते गुओ चिंगलान या परिचारिकेशी. इथलं त्यांचं स्मारक पाहिलं नसेल तर एकदा बघून या.

वाचायला मे महिन्याची दुपार उत्तम. बाहेर ऊन रणरणतं, नवी पेठेत चिटपाखरू नसतं, कुलर लावायचा आणि वाटीभर भाजलेले शेंगदाणे घेऊन बसायचं. शक्य असेल तर मैत्रिणीबरोबर एकच पुस्तक वाचा आणि शेवटच्या प्रकरणाआधी दोघी थांबा. पुढचं वाचण्याआधी एका प्रश्नावर बोला: नायक-नायिकेला एकाच गावात नोकरी मिळेल का, आणि नाही मिळाली तर कोण सोडेल? सोलापुरात हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. नवरा पुण्यात, बायको इथे आणि दर आठवड्याला हुतात्मा एक्स्प्रेस, असे संसार प्रत्येक गल्लीत आहेत. मग शेवट वाचा. लेखिकेनं नायिकेला नोकरी गुपचूप सोडायला लावली असेल, तर भांडायला सोबत मैत्रीण आहेच.